मदत हवी आहे: ॲडॉप्टरवर १५०-६०० मिमी लेन्सचा फोकस टिकत नाही

पाणथळ
तीन आठवडे डोकं फोडतोय. डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) विकून मिररलेस (बिनआरशाची बॉडी) घेतली, लेन्स मात्र ठेवली, ती पुन्हा घेणं झेपणार नाही. ती नव्या बॉडीवर बसवणारा ॲडॉप्टर लावला. बसलेला पक्षी लख्ख येतो, उडाला की सगळे फोटो मऊ, म्हणजे धूसर. हीच लेन्स जुन्या बॉडीवर घारीला चिकटून राहायची. एएफ-सी (सतत चालणारा ऑटोफोकस) आहे, शटर १/२५०० आहे, ते कृपया विचारू नका. परवा पहाटे निघायचंय, लवकर सांगा.

तिपाई
बॉडी कुठली? लेन्सचा माउंट (बॉडीला जोडायची खाच)? ॲडॉप्टर? नुसतं ‘मिररलेस’ म्हटल्यावर काय सांगणार! निकॉनची जुनी एएफ-डी लेन्स (जिच्यात मोटर नसते) निकॉनच्या एफटीझेड ॲडॉप्टरवर लावली तर ऑटोफोकस होतच नाही, ॲडॉप्टरमध्ये मोटरच नाही. तुमचं तसं तर नाही ना?

निवांत_क्लिक
लेन्स कॅलिब्रेट करा. माझी विषयाच्या पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला, फोकस करत होती, बॉडीच्या मेनूत फोकसची दुरुस्ती +७ वर नेली आणि प्रश्न मिटला. सगळे हे विसरतात.

तिपाई
@निवांत_क्लिक, ते डीएसएलआरवर. तिथे फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो, म्हणून फरक पडतो. मिररलेस मुख्य सेन्सरवरच मोजते. +७ कुठे टाकणार?

निवांत_क्लिक
मी अनुभव सांगितला. फरक पडला म्हणजे पडला.

पाणथळ
एएफ होतं हो, बसलेले पक्षी येतात असं लिहिलंय की वर. सोनी ए७ III, लेन्स कॅनन ईएफ (कॅननच्या डीएसएलआरचा) माउंटची, पण कॅननची नाही. ॲडॉप्टरही तिसऱ्याच कंपनीचा, नाव घेत नाही, उगाच धागा तिकडे जाईल. त्याच्या काचेमुळे शार्पनेस जातो का?

रानवेडा
त्यात काच नसते. ईएफला सेन्सरपासून ४४ मिमी अंतर लागतं, सोनीच्या ई माउंटला १८. मधले २६ मिमी भरून काढणारी ती पोकळ नळी. खरी अडचण संवादाची आहे. ईएफ १९८७ पासून पूर्ण इलेक्ट्रॉनिक आहे. तुमच्या लेन्सवाल्यांनी ती भाषा स्वतः उकलली, ॲडॉप्टरवाल्यांनीही स्वतंत्रपणे उकलली, आणि आता ॲडॉप्टर तिचं सोनीच्या भाषेत भाषांतर करतोय. दोन अंदाज एकमेकांवर बसलेत. शिवाय डीएसएलआरच्या लेन्सची मोटर ‘एवढं सरक’ म्हटल्यावर एका झेपेत जायला बनवलेली. मिररलेस मागते तसं सारखं पुढेमागे बारीक हलणं तिला जड जातं.
लेन्सचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) कधी अपडेट केलंय? ॲडॉप्टरचं?

सरळमार्गी
एवढा खटाटोप कशाला? सोनीचीच ई माउंटची २००-६०० लेन्स आहे, २०१९ पासून. ॲडॉप्टर हा तात्पुरता उपाय, पक्ष्यांसाठी नाहीच.

तिपाई
पुन्हा घेणं झेपणार नाही हे पहिल्याच परिच्छेदात आहे. आणि ‘नाहीच’ कसं? कॅननच्या आर (मिररलेस) बॉडीवर कॅननच्याच ॲडॉप्टरने ईएफ लेन्स जवळजवळ नेटिव्हसारख्या (त्याच माउंटच्या असल्यासारख्या) चालतात. दोन्ही बाजूंची भाषा एकाच घरची.

सरळमार्गी
मग त्यांनी बॉडी बदलावी.

जुनी_काच
थोडं अवांतर. टेकआर्टचा एलएम-ईए७ ॲडॉप्टर पाहिलाय का कुणी? तो स्वतःच पुढेमागे सरकतो, ४.५ मिमी, आणि पूर्ण मॅन्युअल लेन्सला ऑटोफोकस देतो. एम४२ (जुना स्क्रू माउंट) च्या ५० मिमी लेन्सवर पहिल्यांदा फोकस लागला तेव्हा मी अर्धा तास घरातल्या वस्तूंचेच फोटो काढत बसलो होतो.

पाणथळ
छान आहे, पण माझ्या ६०० मिमीचं काय?

रानवेडा
बर्स्ट (सलग फोटो) मारताय का? ड्राइव्ह कुठल्या वेगावर? एका मालिकेतल्या फ्रेम ओळीने उघडून सांगा, सगळ्या मऊ की पहिली लख्ख?

पाणथळ
हाय+ वर (सर्वांत जास्त वेग), अर्थात, उडता पक्षी आहे. थांबा, बघतो.
पहिली लख्ख! दुसरीपासून घसरत गेलंय. पाच मालिका पाहिल्या, पाचही तशाच.

रानवेडा
मग लेन्स बरी आहे. माझ्याकडेही ईएफ ॲडॉप्टरवर वरच्या वेगांना फोकस पहिल्या फ्रेमलाच बांधला जायचा. लो वर टाका, सेकंदाला ३ फ्रेम, दर फ्रेमला नव्याने फोकस घेईल. लेन्सचा लिमिटर (फोकसची मर्यादा ठरवणारं बटण) १० मीटर ते अनंतवर ठेवा, म्हणजे चुकलं तरी जवळच्या टोकाला जाऊन येणार नाही. फोकससाठी झोन (मोठा भाग) वापरा, बारीक स्पॉट नको. आणि ॲनिमल आय एएफवर (प्राण्याचा डोळा शोधणारा फोकस) विसंबू नका, ए७ III चं ते पक्ष्यांसाठी नाही.

निवांत_क्लिक
फर्मवेअरसाठी यूएसबी डॉक (लेन्स कॉम्प्युटरला जोडणारी) लागेल बरं का. ती प्रत्येक कंपनीची वेगळी असते.

पाणथळ
गच्चीवरून कबुतरांवर पाहिलं. लो वर ४० पैकी २६ लागले, काल ३ लागले होते. रानवेडा, मनापासून आभार. पण ३ फ्रेममध्ये पंख पूर्ण उघडलेला क्षण निसटतो, त्याची हळहळ आहेच. मिड वर, ६ ला, कुणाचा फोकस टिकलाय का? ॲडॉप्टर कुठला होता?

सरळमार्गी
मोनोपॉडवर (एकपायी स्टँड) गिंबल हेड (जड लेन्स तोलून फिरवणारं) लावा, हात स्थिर राहतो.