सेमिनारला हजेरीचे मार्क लावून गणित येतं का?

खानापूर पीयू मॅडम:
परवापासून एका सरांची पोस्ट फिरतेय. गणिताच्या एमएस्सीची पोरं विभागाच्या सेमिनारला येत नाहीत, आली तर मोबाईल बघत बसतात, त्यांना संशोधनाची भूकच नाही, म्हणून इंटर्नल मार्कांत सेमिनारची हजेरी धरावी, असं त्यांचं म्हणणं. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. मला मात्र ती पोस्ट डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

मी त्याच मागच्या बाकावरची, आता पीयूला, म्हणजे अकरावी-बारावीला शिकवते. विभागाचं नाव घेत नाही. पाहुणे यायचे, मग स्वागतगीत, दीपप्रज्वलन, शाल, हार, फळांची करंडी, दोन पानी परिचय. व्याख्यानाला तोंड फुटेपर्यंत चार वाजलेले. आणि दुसऱ्याच स्लाइडवर कोन मेट्रिक स्पेस, म्हणजे अंतराच्या कल्पनेचं एक फार अमूर्त रूप. विषय होता फिक्स्ड पॉइंट थिअरम, म्हणजे सगळं हलवलं तरी एक बिंदू जागचा हलत नाही असं सांगणारं प्रमेय. पोलिश गणिती बानाखनं १९२२ मध्ये मांडलेली मूळ गोष्ट किती सुंदर आहे! बेळगावचा नकाशा टिळकवाडीतल्या एखाद्या टेबलावर पसरा. तिरका ठेवा, उलटसुलट फिरवा, काहीही करा. नकाशावरचा एक आणि एकच बिंदू असा निघतो की तो ज्या जागेचा आहे, नेमका त्याच जागेवर येऊन पडलेला असतो. पाहुण्यांनी एवढं सांगितलं असतं तर अख्खा हॉल जागा झाला असता. त्यांनी अटी सांगितल्या, अटी ढिल्या केल्या आणि शेवटच्या स्लाइडवर आभार मानले. हा नकाशा मला पुढं स्वतः वाचताना भेटला.

शिवाय जांबोटीकडच्या मुलींना गाडी गाठायची असते. त्या साडेचारला उठल्या की शिक्का बसतो: इंटरेस्ट नाही.

खडू-फळा:
मॅडम, मी आयुष्यभर पदव्युत्तर वर्गांना शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमचं दुखणं कळतं, पण पटत नाही. सेमिनारमध्ये सगळं समजावं ही अपेक्षाच चुकीची. धारवाडला असताना मी कित्येक व्याख्यानं काही न कळता ऐकली. कान तयार होतो. कुठला शब्द कुठल्या शब्दाशेजारी येतो हे आधी कानावर पडतं, अर्थ मागून येतो. फर्माचं प्रसिद्ध प्रमेय सिद्ध करणाऱ्या वाइल्सनं जून १९९३ मध्ये केंब्रिजला त्यावर तीन व्याख्यानं दिली. शीर्षकात फर्माचं नावसुद्धा नव्हतं. समोरच्या सगळ्यांना सगळं कळलं असेल? तरी माणसं बसली, कारण तिथं काहीतरी घडतंय याचा वास त्यांना आला होता. आमच्या पोरांना तो वास यायला आधी खुर्चीत बसायला तर हवं. हजेरी लावल्याशिवाय कोण बसतं?

आणि स्पष्टच बोलतो. पीयूला शिकवणाऱ्यांनी संशोधनाची व्याख्यानं कशी द्यावीत हे सांगू नये.

निपाणीकर:
सर, शेवटचं वाक्य मागे घ्या.

मी पीएचडी करतोय, आतलं सांगतो. आमच्याकडच्या निम्म्या सेमिनारांत ग्राफ थिअरी, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं गणित, आणि त्यातल्या निम्म्यांत एक नवा इंडेक्स, म्हणजे अशा आकृतीवरून काढलेला एक आकडा. झाग्रेब इंडेक्स १९७२ चा: प्रत्येक बिंदूच्या डिग्रीचा, म्हणजे त्याला किती रेषा जोडल्यात त्या संख्येचा वर्ग घ्या, बेरीज करा. मग कुणीतरी वर्गाऐवजी घन घेतो, कुणी बेरजेऐवजी गुणाकार, कुणी शेजाऱ्यांच्या डिग्र्या धरतो, आणि झाला पेपर. रसायनशास्त्रातल्या वीनरनं १९४७ मध्ये अशाच एका आकड्याचं पॅराफिनच्या उत्कलनबिंदूशी नातं दाखवलं, तिथं त्या आकड्याला काम होतं. आमच्या आकड्याला काय काम आहे, असं मी एकदा भर सेमिनारमध्ये विचारलं. गाईडनी आठवडाभर अबोला धरला.

हे सगळं कशामुळे? यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत प्रबंध देण्याआधी एक पेपर छापा आणि दोन ठिकाणी सादर करा, अशी अट होती. सादर करायला जागा हवी म्हणून सेमिनार, आणि सेमिनार कशासाठी, तर सर्टिफिकेटसाठी. २०२२ ला ती सक्ती गेली, सवय गेली नाही. पोरं मोबाईल बघतात म्हणे. पहिल्या रांगेतले प्राध्यापक काय बघतात तेही त्या पोस्टवाल्या सरांनी लिहावं.

शहापूरचा:
मुख्य गोष्ट कुणीच बोलालं नाही. भाषा! व्याख्यान इंग्रजीत, प्रश्नोत्तरं आणि नंतरचा चहा कन्नडमध्ये. आमची मराठी शाळेतली पोरं दोन्हीकडं गप्प. माझ्या भावानं धीर करून मराठीत शंका विचारली, तर 'इथं चालत नाही' म्हणून बसवलं. तो परत कधी हात वर करालाय? ज्या मातीत भास्कराचार्य झाले तिथं ही दशा.

धारवाडी:
सगळं आणून सीमाप्रश्नात घालायचंच का? माझं घर दोन्ही भाषांचं आहे. अथणी-रायबागकडची कन्नड माध्यमातली मुलं त्याच हॉलमध्ये तुमच्या भावाइतकीच गप्प असतात, कारण अडचण इंग्रजीची आहे. आणि भास्कराचार्य 'या मातीतले' म्हणजे कुठले? ते विजापूरचे, असं आम्ही शाळेत शिकलो.

शहापूरचा:
विजापूरचे? त्यांनी स्वतः आपलं गाव सह्य पर्वताजवळ असल्याचं लिहिलंय. विजापूरला सह्याद्री कुठला हो? चाळीसगावजवळच्या पाटणला शके ११२८ चा शिलालेख आहे, भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणलेला. नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला दिलेल्या दानाचा तो लेख. शेवटचा भाग मराठीत! आठशे वर्षांपूर्वी दगडावर मराठी चालली, आणि आज हॉलमध्ये चालत नाही?

धारवाडी:
नातवानं मठ काढला म्हणून आजोबा तिथंच जन्मले हे सिद्ध होत नाही. गणिताच्या धाग्यावर असलं सिद्धीकरण कसं चालेल? सह्य पर्वताचा मुद्दा मात्र बिनतोड आहे, तेवढं मानतो. पण आता माझंही ऐका. बाराव्या शतकात राजादित्यानं व्यवहारगणित कन्नडमध्ये लिहिलं, संस्कृतात नव्हे. त्याच्या तीनशे वर्षं आधी महावीराचार्य राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात कर्नाटकातच लिहीत होते. तुमची लीलावती, ११५० ची, ती संस्कृतात. मग ती मराठीची कशी?

शहापूरचा:
लीलावती मराठीची असं मी म्हटलंच नाही. राजादित्याचं नाव आमच्या कुणाच्या कानावर नव्हतं, हे खरं. पण तो कन्नडमध्ये लिहू शकला, मग माझ्या भावानं मराठीत एक प्रश्न का विचारू नये? तुमच्याच पुराव्यानं माझं म्हणणं सिद्ध झालं.

चंदगडकर:
पाटणही बेळगावात नाही, विजापूरही नाही. सेमिनारचं काय झालं?

खानापूर पीयू मॅडम:
खडू-फळा सर, आधी तुमच्या त्या वाक्याचं बघू. दत्तात्रेय कापरेकर देवळालीच्या शाळेतले मास्तर, पदव्युत्तर पदवी नाही, आणि १९४९ मध्ये मद्रासच्या परिषदेत त्यांनी ६१७४ मांडला. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत, उतरते मांडा, चढते मांडा, वजा करा, परत तेच करा. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येणारच. माझ्या पीयूच्या वर्गात मुलं अजून घंटा झाली तरी ती वजाबाकी सोडत नाहीत. संशोधनाच्या व्याख्यानाबद्दल बोलायचा हक्क कुणाला, हे तुम्ही ठरवू नका.

वाइल्सचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. त्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या, आणि पुराव्यातली फट नंतर परीक्षणात सापडली. ती बुजायला १९९४ उजाडलं. म्हणजे व्याख्यानात पुरावा तपासला जात नाही. तपासणी घरी, कागदावर. व्याख्यान असतं माणसाला कागदाकडे ओढायला, आणि न कळणाऱ्या स्लाइडांनी कुणी ओढला जात नाही.

रशियातल्या गेलफांड या गणितज्ञाचं सेमिनार आठवा. मॉस्कोत १९४३ पासून, सोमवारी संध्याकाळी. तो वक्त्याला मध्येच थांबवायचा आणि समोरच्या एखाद्या तरुण पोराला श्रोता नेमायचा: याला कळलं पाहिजे. त्याला नाही कळलं तर वक्त्यानं परत सांगायचं. तिथं शाळकरी पोरंही येऊन बसत. आपल्याकडे असा एक विद्यार्थी नेमा. त्याला मराठी, कन्नड, इंग्रजी, जमेल त्या भाषेत विचारू द्या. उत्तर द्यायला हॉलमध्ये माणसं आहेत.

धारवाडी:
भाषांतराला मी बसतो. दोन्हीकडून.

शहापूरचा:
तुम्ही बसणार असाल तर माझ्या भावाला आणतो. पाटणवर मात्र मी ठाम आहे.

खडू-फळा:
पीयूबद्दलचं वाक्य मागे घेतो, निपाणीकरांनी दरडावलं म्हणून नव्हे. कापरेकरांना मी एकदा ऐकलंय, त्यांच्या आठवणीखातर.

गेलफांडचं मात्र अर्धंच सांगितलंत. तो वक्त्यांचा पाणउतारा करायचा, लोक त्याच्या सेमिनारला घाबरून असत. आमच्याकडे पाहुण्याला असं थांबवलं तर पुढच्या वर्षी कोण येईल? मानधन किती आणि प्रवास किती, हे मी विभागात असताना सोसलंय. बेळगावला माणूस आणणं सोपं नाही. पुणे-मुंबईचा गणिती कोल्हापूरपर्यंत येतो आणि तिथूनच परत फिरतो. ती फळांची करंडी मीच आणायचो, स्वतःच्या पैशातून, कारण आलेल्या माणसाला द्यायला दुसरं काही नव्हतं.

पहिली पंधरा मिनिटं एमएस्सीच्या पोरांसाठी ठेवायला मी तयार आहे. वेळही सकाळी अकराची करू, म्हणजे गाडीची अडचण नको. हजेरी मी सोडणार नाही.

खानापूर पीयू मॅडम:
करंडीबद्दल कुणाची तक्रार नाही, सर. ती व्याख्यान झाल्यावर द्या, म्हणजे अकराचं अकराला सुरू होईल. हजेरीवर आपलं जमणार नाही.

निपाणीकर:
हजेरी ठेवायचीच असेल तर प्राध्यापकांचीही लावा. आणि सर्टिफिकेट एक वर्ष बंद करून बघा. मग कोण येतं ते मोजू.