मदत हवी आहे: शॉर्टवेव्ह मुकी, बाकी रेडिओ ठणठणीत

मंडळी, जुने रेडिओ उघडून बसणारं इथे कुणी असेल तर जरा वाट दाखवा.

सेट साधाच आहे. सुईचा डायल, चार सेल, एफएम, मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्हचे दोन बँड. एफएम खणखणीत. मीडियम वेव्हवर ५५८ किलोहर्ट्झची आकाशवाणीची अस्मिता वाहिनी आणि ११८८ ची विविध भारती स्वच्छ लागतात. शॉर्टवेव्हला नेलं की नुसती बारीक सरसर. संध्याकाळी ३१ आणि २५ मीटरवर चायना रेडिओ तरी कान फोडत असतो, तोही गायब. दांडीला, म्हणजे ओढून लांब करायच्या एरियलला, हात लावला की एरवी खरखर वाढते, इथे ढिम्म.

घोडबंदर रोडच्या सोसायटीत राहतो, त्यामुळे एलईडी दिवे, इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर यांची भुणभुण नेहमीचीच. पण आता ती भुणभुणही ऐकू येत नाही, हेच खटकतंय. सेलवर चालवून, गच्चीत नेऊनही पाहिलं.

माझा हिशोब असा: एफएम त्याच दांडीवर चालतं, म्हणजे दांडी आणि तिची वायर शाबूत. मीडियम वेव्ह आतल्या फेराइट रॉडवर (सेटमधल्या एरियलवर) चालते, पण तिथून पुढचा ४५५ किलोहर्ट्झचा आयएफ (प्रत्येक स्टेशन ज्या एकाच फ्रिक्वेन्सीवर आणून वाढवतात तो भाग), डिटेक्टर (त्यातून आवाज वेगळा काढणारा) आणि ऑडिओ हे मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्ह दोन्हींना सामाईक, तेव्हा तेही ठीक. उरले तीन संशयित: बँडचा सरकता स्विच, शॉर्टवेव्हचा ऑसिलेटर (स्टेशनला आयएफवर आणायला सेट स्वतः तयार करतो तो सिग्नल), नाहीतर दांडीनंतरचा पहिला ट्रान्झिस्टर. बाहेर लांब वायर लावलेली असताना वीज कडाडली की हा शेवटचा पटकन उडतो, पण आम्ही तशी वायर कधी लावलीच नाही.

मागचं झाकण काढलं तर बँड स्विचच्या पायांवर हिरवट थर. पट्टी दुसऱ्या बँडच्या खाचेत नीट बसली की आवाज बंद, पण नखाने कणभर मागे दाबून धरली तेव्हा एक बाई दोन वाक्यं बोलून गेली. कुठली भाषा देव जाणे.

स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याने न उघडताच "आता हे कोण ऐकतं, साहेब" म्हणून परत दिला. तर विचारायचं हे की स्विच बोर्डावरून न काढता साफ होतो का? डब्ल्यूडी-४० मारलं तर चालेल? आणि शेजारच्या पत्र्याच्या डब्यांमधले रंगीत स्क्रू थोडे फिरवून बघू का?

प्रतिसाद १
शॉर्टवेव्हवर उरलंय काय आता? बीबीसी हिंदीनेही ३१ जानेवारी २०२० ला गाशा गुंडाळला. असो, शुभेच्छा.

प्रतिसाद २
स्क्रूंना हात लावू नका! त्या स्टेशन जुळवणाऱ्या कॉइल आहेत. एकदा जागच्या हलल्या की डायलवरचे आकडे एकीकडे आणि स्टेशन दुसरीकडे.

बाई बोलल्या म्हणजे ऑसिलेटर आणि ट्रान्झिस्टर दोन्ही जिवंत आहेत. दोष स्विचचाच. डब्ल्यूडी-४० नको, तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या, नाहीतर आयसोप्रोपिल अल्कोहोल. सेल काढा, पट्टीच्या फटीत थोडंसं सोडा आणि पट्टी भरपूर वेळा इकडून तिकडे सरकवा. पूर्ण वाळल्यावरच सेल घाला. डायलच्या दोऱ्यावर उडू देऊ नका, चाकावरून घसरायला लागतो.

तरी नाही लागला तर ऑसिलेटरची खात्री करून घ्या. शेजारी शॉर्टवेव्हचा दुसरा सेट ठेवा. तुमचा ९.६ मेगाहर्ट्झवर असेल तर तुमचा ऑसिलेटर आयएफइतका, म्हणजे ०.४५५ ने, वर चालतो, तेव्हा दुसऱ्यावर १०.०५५ च्या आसपास शोधा. एका जागी सरसर दबून शांतता येईल आणि तुमचा डायल हलवला की ती जागाही सरकेल. माझ्याकडे सेट आहे, मी ऐरोलीला असतो.

धागाकर्ता
आभार. क्लीनर आणतो. अजून एक: स्विचवर पत्र्याचं टोपण आहे, चार कान दुमडून बसवलेलं. ते उघडून आतल्या पट्ट्या पुसाव्यात असा मोह होतोय.

प्रतिसाद २
आवरा तो मोह. आतल्या पट्ट्या स्प्रिंगच्या असतात, टोपण निघालं की उडून फरशीवर शोधत बसाल. आधी क्लीनर. नाहीच झालं तर रविवारी सेट घेऊन या.