मदत हवी आहे : थर्मल अब्लेशनच्या प्रोबचं टोक टेकवताच थंड पडतंय

गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व बदलांवर थर्मल अब्लेशनसाठी (तापलेलं टोक टेकवून खराब पेशी जाळणं) वापरायच्या, बॅटरीवर चालणाऱ्या स्वस्त उपकरणाचा नमुना तयार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार टोक किमान १०० अंशांवर २० ते ३० सेकंद टेकलेलं हवं. (गॅसने पेशी गोठवायची क्रायो पद्धत मुद्दाम टाळली. ३१ अंशांच्या वर सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड द्रव राहतच नाही, आणि सोलापूरचा मे महिना सगळ्यांना ठाऊक आहे.)

अडचण अशी : हवेत टोक १०५ दाखवतं. ३७ अंशांच्या पाण्यात कोमट केलेल्या कोंबडीच्या मांसाला टेकवलं की पृष्ठभाग ८५ वर येतो, डिस्प्ले मात्र १०३ च. थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) हीटरला चिकटलेलं आणि त्याच्या पुढे ३१६ स्टीलची ३ मिमी भिंत; उष्णता वेळेत पुढे पोचतच नाही. उघडं तांबं नको, निर्जंतुक करायच्या क्लोरिनच्या द्रावणात काळं पडतं.

म्हणून आत तांब्याचा गाभा, वर अर्ध्या मिमीचं स्टीलचं टोपण, व्यास १९ मिमी. दोघांत केसाएवढी फट राहिली तरी पुन्हा तेच रडगाणं. अक्कलकोट रोड किंवा चिंचोली एमआयडीसीत असं सिल्व्हर ब्रेझिंग (चांदीचा मिश्रधातू वितळवून दोन धातू जोडणं) कोण करून देईल? पाचच नग हवेत, हीच खरी पंचाईत. गाभ्यात मागून थर्मोकपलसाठी १.२ मिमीचं, पुढच्या तोंडाच्या १ मिमी अलीकडे थांबणारं भोक पाडणारा टर्नर माहीत असेल तर तोही सुचवा.