कापूस वेचणीच्या हंगामात आईने कोणती पुस्तके वाचावीत?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. वेचणी सुरू झाली की मुले निजल्यानंतरचा थोडासा वेळच वाचनाला उरतो, आणि तोही वीज असली तर. कृष्णात खोत यांची 'रिंगाण' ही कादंबरी नुकतीच संपवली. धरणामुळे उठलेल्या गावात मागे राहिलेली म्हैस आणायला जाणारा देवप्पा मनातून जात नाही; मात्र त्यातली कोल्हापूरकडची बोली आम्हां वऱ्हाडी वाचकांना आरंभी जड जाते. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला योग्यच मिळाला, असे माझे मत आहे. आता पुढे काय वाचावे?

उत्तर १ : ताई, देविदास सौदागर यांची 'उसवण' घ्या. तयार कपड्यांमुळे शिंप्याचे काम कसे आटत जाते, हे स्वतः शिवणकाम केलेल्या लेखकाने कोठेही गळा न काढता लिहिले आहे. २०२४चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला.

उत्तर २ : नव्याचा आग्रह कशाला? सदानंद देशमुख यांची 'बारोमास' आपल्या बुलढाण्याकडची आहे, आणि शिकूनही नोकरी न मिळालेला एकनाथ आजही गावोगाव भेटतो.

प्रश्नकर्ती : दादा, 'बारोमास' वाचली आहे, पण घरातच कर्जाचा विषय असताना रात्री पुन्हा तेच वाचवत नाही. 'उसवण' मागवते, आमच्या आईचेही शिलाई मशीन पडूनच आहे.