मदत हवी आहे: गुटीला नाही कसं म्हणू?

लेक दीड महिन्याची आहे. दिवसभर शहाणी, पण दिवेलागणीला जी रडायला लागते ती अकरापर्यंत. पाय पोटाशी घेते, मुठी आवळते, चेहरा लालबुंद. डॉक्टर म्हणाले, कॉलिक आहे (तान्ह्या बाळांचं कारण न कळणारं, खूप वेळ चालणारं रडणं), वजन छान वाढतंय, तीन-चार महिन्यांची झाली की थांबेल. 6 महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नाही. सासूबाईंनी मात्र सहाण धुऊन ठेवलीय. मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, सगळं डब्यात तयार. त्यांचाही जीव तुटतो, त्यामुळे तोंडावर नाही म्हणवत नाही.

अनुभवी आयांनो, वाद न होता गुटी कशी टाळलीत? आणि संध्याकाळी बाळ कशाने शांत व्हायचं? खांद्यावर घेऊन फिरवते, दुपट्यात गुंडाळते, तेवढ्यापुरतंच थांबते.