वेल मांडवभर पसरला, पण घेवड्याला फूल नाही

परसदार, खानापूर: मे महिन्याच्या अखेरीस वळीव झाल्यावर परसात घेवड्याच्या चार बिया टोकल्या होत्या. आता सप्टेंबर संपत आला, कळकाचा मांडव पूर्ण झाकला गेला, परंतु फुलाचा एकही तुरा दिसत नाही. दर पंधरवड्याला शेणखत घालतो. गेल्या महिन्यात मूठभर युरियाही दिला. वेल माजला आहे, उपटून टाका, असे शेजारी सांगतात. काय करावे?

निपाणीकर: कृपया उपटू नका. परसातला जुना वेली घेवडा दिवस लहान होऊ लागल्याखेरीज फुलावर येत नाही, त्यामुळे बी मेमध्ये टोकले काय किंवा जुलैमध्ये, तुरे बहुधा दसरा-दिवाळीच्या सुमारासच दिसतात. बाजारात आपण ज्याला बिन्स म्हणतो ती फरसबी निराळी. ती दोनेक महिन्यांत तोडणीला येते, म्हणून तिचा हिशेब घेवड्याला लावू नये. युरिया मात्र चुकलाच. घेवड्याच्या मुळांवरील गाठींमधले जिवाणू हवेतील नत्र वेलाला मिळवून देतात. त्यावर आणखी नत्र दिले की पाला वाढतो आणि फूल लांबते. शेणखतही आता थांबवा.

वडगावची गृहिणी: मांडवाजवळ रात्रभर दिवा जळतो का, तेही पाहावे. अशा वेलांना सलग अंधाराची मोठी रात्र लागते.

परसदार, खानापूर: जळतो! गोठ्याचा दिवा मांडवाच्या अगदी शेजारीच आहे. आजपासून तो मालवतो. शेंगा धरल्यावर तोडणी कधी करावी?

वडगावची गृहिणी: दाणा भरण्यापूर्वी, कोवळ्या असताना, दोन-तीन दिवसांआड तोडाव्यात, शेंगा वेलावरच जून होऊ दिल्या तर नवी फुले कमी येतात. तुऱ्यांवर काळा मावा दिसल्यास आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून पाहावा. दोन्ही बाजूंच्या शिरा काढून, कांदा-लसणीची चटणी आणि शेंगदाण्याचे कूट घालून केलेली भाजी आमच्याकडे भाकरीबरोबर खातात. जून वाळलेले दाणे मात्र कच्चे खाऊ नयेत. ते रात्रभर भिजवून, उकळून, ते पाणी टाकून मगच आमटीला घ्यावेत. भोगीच्या भाजीसाठी चार कोवळ्या शेंगा राखून ठेवा. बाजारात त्या दिवशी घेवड्याचा भाव विचारवत नाही.