मदत हवी आहे: स्क्लेरल लेन्समध्ये दोन तासांत धुकं

टपालपेटी
सकाळी लेन्स (स्क्लेरल, म्हणजे मोठी, कडक, डोळ्याच्या पांढऱ्यावर टेकणारी, आत द्रव भरून घालायची) घातली की डाव्या डोळ्याला लख्ख दिसतं. दोन-अडीच तासांनी दुधी काचेतून बघतोय असं होतं. काढून, धुऊन, परत सोल्यूशन भरून घातली की पुन्हा दोन तास ठीक. दिवसातून तीनदा हाच उद्योग. लेन्स मिळून पाच आठवडे झाले. 'सवय होईल' सोडून काहीही सांगा.

चिमटीत
कशासाठी दिली आहे लेन्स? व्यास किती? उजव्या डोळ्याला आहे का? आणि 'सोल्यूशन' म्हणजे नक्की कोणतं? बाटलीवरचं वाचून सांगा.

टपालपेटी
केराटोकोनस (कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, शंकूसारखा पुढे येतो तो), अजून कशासाठी देतील? १६.५ मिमी. उजव्यालाही आहे, तो ठीक चालतो. सोल्यूशन म्हणजे लेन्सचं सोल्यूशन.

अर्धविराम
धुकं तीन जागी असू शकतं: लेन्सच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, लेन्स आणि कॉर्नियाच्या मधल्या द्रवात, किंवा खुद्द कॉर्नियात. आधी जागा ठरवा, मग उपाय.

धूसर झालं की लेन्स न काढता स्वच्छ कापूसकांडी सलाईनमध्ये भिजवून लेन्सच्या पुढच्या बाजूवर हलकेच फिरवा. दिसायला लागलं तर दोष पृष्ठभागाचा: क्रीमचे हात, पापण्यांची चरबी किंवा खराब झालेलं कोटिंग. फरक पडला नाही तर लेन्स काढून नव्या द्रवाने भरून घाला. लगेच स्वच्छ दिसलं तर गाळ आतल्या द्रवात आहे. आणि लेन्स काढून चष्मा लावल्यावरही धूसरच असेल, दिव्यांभोवती इंद्रधनुषी कडं दिसत असेल, तर कॉर्नियाला सूज आहे. तसं असेल तर इथे लिहीत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सहन होत नसेल तरीही तेच.

कडकलक्ष्मी
एवढं रामायण कशाला? सलाईन भरताना प्रिझर्वेटिव्ह नसलेल्या कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोजचे (कोरड्या डोळ्यांसाठीचे घट्टसर थेंब) दोन-तीन थेंब लेन्सच्या वाटीत टाका. द्रव घट्ट झाला की बाहेरचा गाळ आत शिरायला वेळ लागतो. दोनाचे पाच तास होतात.

चिमटीत
होतात, मान्य. पण गाळ शिरतोय कुठून ते तसंच राहतं. बादलीला भोक असताना पाणी घट्ट करण्यातला प्रकार. फिटिंग तपासल्यावर उरलंसुरलं धुकं घालवायला थेंब ठीक, त्याआधी नाही.

कडकलक्ष्मी
भोक बुजवायला नवी लेन्स बनून यायला आठवडे जातात. तोवर माणसाने काय करायचं? थेंबच ना?

निळी_शाई
सरळ हायब्रिड घ्या. मधला भाग कडक, भोवती मऊ झालर, भरायची भानगडच नाही.

अर्धविराम
भानगड नाही कशी? केराटोकोनससाठीची हायब्रिडसुद्धा वाटीत सलाईन घेऊनच घालतात, नाहीतर बुडबुडा राहतो. शिवाय कडक-मऊ जोडाशी ती फाटते, आणि काढताना चिमटीत धरायची ती झालर. फार वर आलेल्या शंकूवर कडक भाग टेकला तर घासतो. स्क्लेरलचा फायदाच हा की ती कॉर्नियाला शिवत नाही, डोळ्याच्या पांढऱ्यावर टेकते.

जुनी_काच
हायब्रिडची कल्पना जुनीच. फाइनब्लूमने १९३६ सालीच मध्ये काच आणि कडेला प्लास्टिक अशी लेन्स केली होती. आणि सगळ्या लेन्स सुरू झाल्या त्या स्क्लेरलपासूनच. १८८८ मध्ये झुरिकच्या फिकने फुंकलेल्या काचेच्या वाट्या आधी सशांवर, मग माणसांच्या डोळ्यांवर बसवल्या आणि आत द्राक्षशर्करेचं द्रावण भरलं. काही वेळाने कॉर्निया धूसर होतो हेही त्याने नोंदवलं. म्हणजे टपालपेटींची तक्रार लेन्सइतकीच जुनी.

चिमटीत
तक्रार तीच नाही. त्याचं धुकं सुजेचं होतं, काचेतून प्राणवायू जात नाही म्हणून. पुढच्या पीएमएमए प्लास्टिकमधूनही जात नव्हता. म्हणून १९४८ मध्ये ट्युओहीची छोटी, फक्त कॉर्नियावर बसणारी लेन्स आली आणि स्क्लेरल मागे पडली. १९८३ मध्ये इझिकिएलने प्राणवायू जाऊ देणाऱ्या पदार्थाची स्क्लेरल केली तेव्हा ती पुन्हा वापरण्याजोगी झाली. पण धाग्यावर या. टपालपेटी, बाटली?

टपालपेटी
कापूसकांडीने फरक नाही. काढून भरल्यावर लगेच स्वच्छ. चष्म्याने नेहमीइतकंच दिसतं, कडं वगैरे नाही. म्हणजे द्रवात. बाटलीवर 'मल्टिपर्पज, सॉफ्ट लेन्ससाठी' असं आहे. रात्री त्यातच ठेवतो, सकाळी तेच भरून घालतो. धुतो नळाखाली.

चिमटीत
हे पाचव्या ओळीत नाही, पहिल्या ओळीत लिहायचं असतं. दोन्ही आजपासून बंद.

मल्टिपर्पजमध्ये जंतुनाशक असतं. मऊ लेन्सवरून ते अश्रूंबरोबर धुऊन जातं. स्क्लेरलखाली अश्रू जवळपास फिरतच नाहीत, म्हणजे कॉर्निया सकाळपासून त्या जंतुनाशकात मुरत पडलेला. भरायला फक्त प्रिझर्वेटिव्ह नसलेलं ०.९ टक्के सलाईन, शक्यतो एकदा वापरून फेकायच्या छोट्या कुपीतलं. उघडलेली कुपी उद्यासाठी ठेवायची नाही.

नळाचं पाणी लेन्सला आणि डबीलाही नको. त्यात अकँथअमिबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो, त्याचा संसर्ग महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही आणि नजरही जाऊ शकते. हात नळाखाली धुवा, पण कोरडे करूनच लेन्सला लावा. रात्री हायड्रोजन पेरॉक्साइडची पद्धत लेन्स देणाऱ्याला विचारून घ्या: त्याच्याच डबीत, तिच्या चकतीसह, किमान सहा तास. साध्या डबीत पेरॉक्साइड निष्प्रभ होत नाही आणि डोळा भाजतो. १६.५ ची लेन्स डबीच्या जाळीत नीट मावते का तेही बघा, झाकण लावताना कड टवकते.

कडकलक्ष्मी
सापडलं मग. सोल्यूशन बदला, धुकं जाईल.

अर्धविराम
पूर्ण जाणार नाही. सोल्यूशन दोन्ही डोळ्यांत तेच आहे ना? मग उजवा स्वच्छ कसा? जंतुनाशकाने डोळा चिडून गाळ वाढत असेल, पण तो डाव्यातच साचतोय म्हणजे डाव्या लेन्सची कड कुठेतरी उचललेली आहे किंवा मधला थर फार जाड आहे.

पानगळ
माझ्या दहा वर्षांच्या भाचीचा नंबर दरवर्षी वाढतोय. रात्री घालून झोपायच्या लेन्स असतात त्या चांगल्या का?

निळी_शाई
ऑर्थोके. कॉर्नियाचा मधला भाग रात्रभरात किंचित चपटा होतो, दिवसा लेन्स लागत नाही. मुलांमध्ये नंबर वाढण्याचा वेग कमी होतो, थांबत नाही. सोडल्या की कॉर्निया पूर्ववत. वेगळा धागा काढा.

टपालपेटी
भाचीचं नंतर. डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली असेल का? दोन्ही सारख्याच दिसतात. डावीवर दोन बारीक रेघा आहेत, त्या नेहमी तिरक्या दिसतात.

अर्धविराम
अदलाबदल झाली असती तर पहिल्या मिनिटापासून धूसर दिसलं असतं. त्या रेघा टॉरिक कडेच्या खुणा. डोळ्याचं पांढरं सगळीकडे सारखं उतरतं नसतं, म्हणून कडेचे दोन अक्ष वेगवेगळे घडवतात. लेन्स दरवेळी फिरून एकाच तिरप्या जागी थांबत असेल तर ठीक. दरवेळी वेगळीकडे थांबत असेल तर ती बसलेलीच नाही. तीन दिवस, घातल्यावर अर्ध्या तासाने, आरशात बघून रेघांची दिशा घड्याळाच्या काट्यासारखी लिहून ठेवा.

टपालपेटी
चार दिवस फक्त सलाईन. लाली गेली. धुकं आता साडेतीन तासांनी, डाव्यातच. रेघा: एक वाजता, तीन वाजता, पुन्हा एक. काढताना खालच्या बाजूला एक पांढुरका ठसा दिसतो.

चिमटीत
मग फिटिंगच. तपासणीला जाताना लेन्स किमान चार तास डोळ्यात हवी, धुकं आलेलं असताना गेलात तर उत्तम. स्क्लेरल दिवसभरात साधारण १०० मायक्रॉन (मिलिमीटरचा दहावा भाग) खाली बसते, ताज्या घातलेल्या लेन्सवर मोजलेलं अंतर फसवं. दोन गोष्टी करायला सांगा. पहिली, लेन्स डोळ्यात असतानाच बाहेरून फ्लुओरेसिनचा रंग टाकून काही मिनिटांनी बघणं. हिरवा रंग ज्या बाजूने आत झिरपतो तिथेच कड उचललेली. दुसरी, मधल्या थराची जाडी. बसल्यावर २०० मायक्रॉनच्या आसपास असेल तर राहू द्या, ४०० असेल तर कमी करून घ्या. ठसा खाली आहे म्हणजे तिथे कड रुतते, आणि एकीकडे रुतणारी लेन्स बहुधा दुसरीकडे उचललेली असते. कड चारही भागांत वेगळी घडवून मिळते, तशी मागा.

कडकलक्ष्मी
आणि नवी येईपर्यंत माझे थेंब.

चिमटीत
आता हरकत नाही. प्रिझर्वेटिव्ह नसलेलेच.

टपालपेटी
गुरुवारची वेळ मिळाली. एक राहिलं, काढताना लेन्स सुटतच नाही. प्लंजर (लेन्स ओढून काढायचं रबरी चूषक) मध्यभागी लावून ओढतो.

अर्धविराम
मध्यभागी नको! वाटी चिकटते आणि सगळा ओढा कॉर्नियावर येतो. प्लंजर सलाईनने ओला करा. वर बघून खालच्या पापणीच्या कडेने लेन्सशेजारचं पांढरं हलकेच दाबा, आत हवेचा बुडबुडा शिरला की पकड सुटते. मग प्लंजर केंद्र आणि खालची कड यांच्या मध्ये लावून कड आधी पुढे, मग वर. झाकण उघडतो तसं.

पानगळ
वेगळा धागा काढलाय. कुणी बघेल का?